बोहारणीने नेलेलं दशक

२९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांपाशी काचेची बग्गी थांबली आणि डायना स्पेन्सर खाली उतरली, तेव्हा तिच्या अंगावरचा पोशाख पार चुरगळलेला होता. हस्तिदंती रेशमी तफेता, पंचवीस फुटांचा मागे लोळणारा घोळ, आणि हे सगळं तिच्या धिप्पाड वडिलांसकट त्या बग्गीत कोंबलेलं. तो शिवणारं डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल हे तरुण जोडपं घोळ सरळ करायला धावलं. जगभरात काही कोटी लोकांनी ते लग्न टीव्हीवर पाहिलं. सुरकुत्या बहुतेकांच्या लक्षात राहिल्या नाहीत. राहिल्या त्या बाह्या. खांद्यापासून कोपरापर्यंत फुगलेल्या, लेस आणि बो लावलेल्या, एका वीस वर्षांच्या मुलीच्या कानांपर्यंत पोचू पाहणाऱ्या.

पुढची काही वर्षं त्या बाह्या लग्नांतून, नाटकांतून, लहान मुलींच्या फ्रॉकांतून भेटत राहिल्या. मग लोकांना त्यांचा वीट आला. नव्वदीत लग्नाचा पोशाख म्हणजे सरळ, बारीक, बिनबाह्यांचा असं ठरलं आणि डायनाचा तो पोशाख ‘काय ते बुजगावणं’ अशा सुरात आठवला जाऊ लागला. आणि २०१९-२० च्या आसपास बाह्या परत फुगल्या. ‘द क्राउन’ मालिकेच्या चौथ्या पर्वात, नोव्हेंबर २०२० मध्ये, तो पोशाख नव्याने शिवून एका नटीच्या अंगावर चढला. पुढच्या वर्षी मूळ पोशाख केन्सिंग्टन राजवाड्यात प्रदर्शनात मांडला गेला.

त्याच सुमारास माझी भाची फोनवर एक फोटो घेऊन आमच्या शिवणकामवाल्या बाईंकडे गेली. मी सोबत होते. बाईंनी चष्मा वर केला, फोटो पाहिला आणि हसल्या. “फुग्याची बाही म्हण की सरळ. केवढा फुगा ठेवू? आणि आतून नेट लावावी लागेल हं, नाहीतर दुपारपर्यंत बसेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, आपण हे सोडून दिलं होतं की नाही? लाज वाटायची.”

लाज हा त्यांचा शब्द. फॅशन परत का येते, यावर जे लिहिलं जातं त्यात मला हा शब्द फारसा सापडत नाही. तिथे चक्र असतं, स्मरणरंजन असतं, कंपन्यांचा नफा असतो. ते सगळं आहेच. पण चक्राची कल्पना मला कधी पटली नाही. चक्रात सगळेच आरे फिरून वर येतात. कपड्यांचं तसं होत नाही. काही परत येतात, काही कधीच येत नाहीत, आणि काहींना यायची गरजच पडत नाही. ऐंशीच्या दशकाची पहिली तीन-चार वर्षं नीट पाहिली तर मला एक साधा नियम दिसतो. ज्याची आपल्याला मधल्या काळात लाज वाटली, तेच परत येतं. जे अंगवळणी पडलं त्याला पुनरागमन नाही, कारण ते गेलेलंच नसतं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काम करणाऱ्या जेम्स लेव्हर यांनी १९३७ साली एक तक्ता मांडला होता. कपडा आपल्या काळाच्या दहा वर्षं आधी असभ्य वाटतो, त्या वर्षी झोकदार, वर्षभराने गबाळा, दहा वर्षांनी ओंगळ, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीदार. पन्नास वर्षांनी त्याला जुनेपणाची गोडी येते आणि दीडशे वर्षांनी तो चक्क सुंदर होतो. तक्ता अर्धा थट्टेचा आहे, पण त्यात एक पायरी कुणाला टाळता येत नाही: ओंगळ आणि हास्यास्पद यांच्यामधून गेल्याशिवाय ‘गमतीदार’ला पोचता येत नाही. तीस वर्षं म्हणजे एक पिढी. लाज आईच्या वाट्याला येते, गंमत मुलीच्या.

ही लाज किती खरी असते याचा पुरावा ऐंशीच्या जरा आधीचा आहे. जानेवारी १९७१ मध्ये पॅरिसला ईव्ह सँ लोराँ यांनी १९४०च्या दशकातल्या वळणाचे कपडे दाखवले. भरलेले चौकोनी खांदे, आखूड स्कर्ट, जाड तळाच्या चपला, फरचा कोट. पत्रकार बायका संतापल्या. त्यांच्यातल्या अनेकींनी जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस पाहिलं होतं आणि त्या चपला लाकडी तळाच्या का असायच्या हे त्यांना ठाऊक होतं: चामडं मिळत नव्हतं म्हणून. सँ लोराँ तेव्हा चौतिशीतले. त्यांच्या मैत्रिणी पलोमा पिकासोसारख्या मुली जुन्या बाजारातून तेच कपडे हौसेने विकत घेत होत्या. एका पिढीच्या मते ते टंचाईचे कपडे होते, दुसरीच्या मते ऐटीचे. तो संग्रह त्या वेळी पडला, पण सत्तरच्या दशकावर त्याची छाप राहिली.

तोच भरलेला खांदा ऐंशीला घराघरांत आला. जानेवारी १९८१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘डायनॅस्टी’ सुरू झाली आणि नोलन मिलर यांनी तिच्यातल्या बायकांचे खांदे दरवाजाच्या चौकटीएवढे केले. पण मिलरच्या आधी ऑफिसं होती. बायका नुसत्या टायपिस्ट म्हणून नाही, तर साहेब म्हणून ऑफिसात बसायला लागल्या होत्या, आणि साहेबाने घालायचे बायकी कपडे अस्तित्वातच नव्हते. १९७७ साली जॉन मोलॉय यांनी एक सल्ल्याचं पुस्तक काढून बायकांना स्कर्टसूटचा गणवेशच सांगितला. त्यात पॅडांनी भर घातली. ब्लाउजला पॅड, वर जाकिटाला पॅड, थंडी असेल तर कोटाला तिसरा. वेल्क्रो लावलेले सुटे पॅडही मिळत. आज ते फोटो पाहून हसू येतं, पण त्या पॅडच्या स्पंजात एक खरी अडचण भरलेली होती: बैठकीच्या टेबलापाशी आपण जागा अडवून बसलो आहोत हे दिसायचं कसं?

२००९ साली बाल्मॅन या फ्रेंच घराण्यासाठी क्रिस्तॉफ देकार्नँ यांनी टोकदार, उंच उचललेले खांदे आणले आणि ते हातोहात नकलले गेले, तेव्हा तो प्रश्न जवळजवळ कुणालाच आठवत नव्हता. त्यात दोष काहीच नाही. दागिना हा बहुतेक वेळा विसरलेलं हत्यारच असतो. फक्त पुनरागमनातून कुणी इतिहास वाचू नये. २००९चे खांदे पाहून ज्याला १९८१ कळलं असं वाटेल, त्याला फक्त ‘डायनॅस्टी’ कळलेली असते.

आणि एक उलटं उदाहरण. त्याच १९८१ साली रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो यांनी पॅरिसमध्ये आपले पहिले कपडे दाखवले. काळे, ढगळ, अंगाचा आकार नाकारणारे. पुढच्या वर्षी कावाकुबोंनी मुद्दाम भोकं पाडलेला स्वेटरही दाखवला. टीकाकारांनी त्यावर हिरोशिमाच्या नावाने असभ्य कोट्या केल्या. हे कपडे ‘परत’ आले असं कुणी म्हणत नाही. ते संग्रहालयात गेले, फॅशन शिकवणाऱ्या शाळांत गेले, पण शेजारणीच्या अंगावर कधी आले नाहीत. लाज वाटायला आधी गर्दी लागते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ साली लिहिलं होतं की खालच्या वर्गाने एखादी फॅशन उचलली की वरचा वर्ग ती टाकतो. ते थोडं सोपं करून सांगितलेलं आहे, पण त्यात आपल्या बिल्डिंगीतला एक प्रसंग नेमका बसतो: भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या अंगावर आपण दिवाळीत घेतलेल्या साडीचं प्रिंट दिसलं, की ती साडी त्या दिवसापासून ‘घरात नेसायची’ होते.

आता आपल्याकडे येऊ. १९८० ते ८३ या काळात महाराष्ट्रातल्या शहरी बाईच्या अंगावर जे नवं चढलं, त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. एक पंजाबी ड्रेस. कॉलेजातल्या मुली आधीपासून तो घालत होत्याच, पण या काळात तो गावोगावी पसरत गेला. ‘लग्नानंतर मात्र साडीच’ ही अट मागे राहिली आणि नंतर हळूहळू तीही गळली. मराठीत नुसतं ‘ड्रेस’ म्हटलं की आपल्याला सलवार-कमीज समजते, इतका तो मुरला आहे. दुसरी गोष्ट गाऊन. सत्तरीतली मॅक्सी घसरत घसरत गाऊन झाली, आणि हा पायघोळ, सैल, खिसा असलेला कपडा स्वयंपाकघरातून जिन्यात, जिन्यातून वाण्याकडे आणि दूधकेंद्रावर पोचला. खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी टाकली की तो बाहेर जाण्याजोगा होतो, ही तडजोड कुणी काढली ठाऊक नाही, पण काढणारीला माझा नमस्कार. गाऊनचं पुनरागमन होणार नाही. तो कधी गेलाच नाही.

नऊवारीचंही तेच. पाडव्याच्या शोभायात्रेत मुली शिवलेली नऊवारी, नथ आणि गॉगल घालून बुलेटवर बसतात आणि ‘नऊवारी परत आली’ असे मथळे येतात. ससून डॉकवर पहाटे टोपलीशी उभ्या असलेल्या कोळणीला हे वाचून दाखवावंसं वाटतं. तिची नऊवारी कुठे गेली होती? गेली होती ती दादर-पुण्याच्या मधल्या पिढीची, जिला ती आजीबाईची आणि गावंढळ वाटायची. खणाचं उदाहरण तर याहून स्वच्छ आहे. गुळेदगुड्ड्याचा खण म्हणजे चोळीचं कापड, ओटीत घालायचं त्रिकोणी घडीचं. मी लहान होते तेव्हा शहरात खणाची चोळी घालणं म्हणजे थेट खेड्यातून एसटीने उतरणं. ओटीत आलेले खण घरात साठत आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत जात. लाज पूर्ण झाल्यावर, गेल्या दहाएक वर्षांत, त्याच खणाच्या अख्ख्या साड्या निघाल्या. जी चोळी घालायला आई तयार नव्हती, तिचं कापड मुलगी पाच वार गुंडाळते.

म्हणजे नियम लागू पडतो आहे. पण एका कपड्याने मला त्याच्याबद्दल शंका घ्यायला लावली, आणि तो या दशकाचा सर्वांत मोठा कपडा आहे: नायलॉनची साडी. ‘नायलॉन’ हा मी इथे ढोबळ शब्द वापरते आहे, जसा तेव्हा आम्ही सगळ्या वापरायचो. त्यात नायलॉन, पॉलिएस्टर, सिंथेटिक जॉर्जेट सगळं आलं. मोठी फुलं, नाहीतर भूमितीतले आकार, काठ नाही, पदर वेगळा नाही. १९८०-८२ मधले लग्नाचे, सहलीचे, ऑफिसच्या गॅदरिंगचे कुठलेही फोटो काढा. तीनात दोन बायका तिच्यात दिसतील.

ती का आली हे आज सांगावं लागतं. सुती पातळाला कांजी लागते, इस्त्री लागते, पिळून वाळत घालायला दांडी आणि ऊन लागतं. दोन खोल्यांच्या घरात पाणी पहाटे पाचला येऊन सहाला जात असेल आणि बाईला सव्वासातची लोकल पकडायची असेल, तर कांजी कोण करणार? नायलॉन रात्री धुवा, सकाळी नेसा. पावसाळ्यात तर ती देवाघरून आल्यासारखी होती. भरलेला खांदा जसा एका अडचणीचं उत्तर होता, तशीच ही साडीही. फरक इतकाच की हिने वाचवलेल्या वेळाबद्दल कुणी सल्ल्याचं पुस्तक लिहिलं नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, आणि ज्याचा अधिकृत शेवट कधी झालाच नाही असा संप. त्यामुळे नायलॉन आलं असं म्हणणं चूक ठरेल, ते आधीच येत होतं. यंत्रमागाकडे काम आधीच सरकत होतं. पण गिरणीत सुती पातळ विणणारा संपात होता आणि त्याची बायको कदाचित त्याच वर्षी स्वस्त पडतं म्हणून सिंथेटिक नेसू लागली होती, हे दोन्ही एकाच चाळीत घडलं. ऐंशीच्या फॅशनवर लिहिताना त्या संपाचे नेते दत्ता सामंत यांचं नाव घ्यायचं नसतं असा एक अलिखित नियम दिसतो. मी तो मोडते.

दुसरी गोष्ट अजून अप्रिय आहे. त्या वर्षांच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी वारंवार असे: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. त्यातल्या किती भडक्यांमागे स्टोव्ह होता आणि कितींमागे सासर, हा प्रश्न त्याच काळात स्त्री-संघटनांनी रस्त्यावर आणला, आणि १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं. नायलॉन पेटतं तेव्हा वितळतं आणि कातडीला चिकटतं. ‘स्वयंपाकघरात नायलॉन नको’ हे आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या बायकांचं पालुपद होतं. आत्या तर गॅस आल्यावरही चहा टाकण्याआधी पदर खोचून त्यावर सुती टॉवेल गुंडाळायची. ही लाज नव्हती, भीती होती. आणि माझा नियम भीतीबद्दल काही सांगत नाही.

मग ती साडी गेली कुठे? इंग्लंडातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जून १९८१ मध्ये डायना पोलोच्या सामन्याला एक लाल स्वेटर घालून गेली होती. त्यावर पांढऱ्या मेंढ्यांच्या रांगा आणि त्यात एकच काळी. सॅली म्युर आणि जोआना ऑस्बर्न या दोघींच्या छोट्या कंपनीने तो विणला होता. बाही बिघडली म्हणून तो राजवाड्यातून परत आला, त्यांनी दुसरा पाठवला, आणि पहिला पोटमाळ्यावर पडून राहिला. २०२० मध्ये ते डिझाइन पुन्हा बाजारात आलं. २०२३ मध्ये पोटमाळ्यावरचा मूळ स्वेटर सापडला आणि लिलावात अकरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला.

पोटमाळे आपल्याकडेही होते. पण आपल्याकडे बोहारीण होती. दुपारी दोनच्या सुमाराला डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन ती येई आणि जिन्यातच बैठक घाली. साडी उजेडाकडे धरून भोकं शोधायची, दोन बोटांत कापड चिमटीत धरून ताणून पाहायचं, आणि मग “यात नाय भागत ताई, अजून एक पँट टाका.” तासाभराच्या घासाघिशीनंतर चार साड्या आणि दोन टेरिलीनच्या पँटी जात आणि त्यांच्या जागी घरात एक झाकणाचा स्टीलचा डबा येई. सुती पातळ ती कमी घेई, आणि आपणही देत नसू. विटलेल्या पातळाची गोधडी होते. पैठणी, शालू, कांजीवरम कपाटात. नायलॉनची गोधडी होत नाही, घाम टिपत नाही. नायलॉन बोहारणीचं. माझ्या आईची १९८०-८५ ही सगळी वर्षं आज स्वयंपाकघरात रव्याचे आणि डाळींचे डबे होऊन फळीवर उभी आहेत, झाकणावर नाव कोरून.

त्यामुळे आज मुलगी आजीचं कपाट उघडते तेव्हा तिला जे ऐंशीचं दशक सापडतं, ते बोहारणीने नाकारलेलं किंवा आपण तिला दिलं नाही तेवढंच असतं. त्यात भर पडते पडद्यावरच्या चित्रांची. १९८२ सालच्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’तली स्मिता पाटील, सुती साडी, चेहऱ्यावर रंग नाही. आज ‘एटीज मराठी लूक’ म्हणून हातमागाची साडी, मोठी टिकली आणि काळवंडवलेली चांदी विकली जाते, ती तिथून येते. ती तेव्हाही खरी होती, पण एका छोट्या गटाची: चळवळीतल्या, नाटकातल्या, प्राध्यापक बायकांची, ज्यांना इस्त्रीला वेळ होता किंवा चुरगळलेलं नेसायचा आत्मविश्वास होता. चुरगळलेली साडी नेसून मिरवायला घरची परिस्थिती बरी असावी लागते. मध्यमवर्गीय कारकून बाईला चुरगळलेलं परवडत नसे. म्हणून तर ती नायलॉन नेसत होती.

मला आता असं वाटतं की नायलॉनची साडी परत आली नाही याचं कारण फक्त वस्तू उरली नाही एवढंच नाही. तिची लाज अजून संपलेली नाही. तो धागा तर कुठेच गेलेला नाही. जगात आज तयार होणाऱ्या एकूण धाग्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, आणि भाचीचा फुग्याच्या बाहीचा टॉपही त्याचाच निघाला. फक्त लेबलावर क्रेप, सॅटिन, जॉर्जेट अशी नावं असतात. ‘नायलॉनची साडी’ असं मोठ्याने म्हणून दुकानात कुणी मागत नाही. शब्द लाजतो आहे, धागा निवांत आहे. लेव्हरच्या तक्त्यात याला जागा नाही, कारण त्याने गरिबीची लाज वेगळी मोजली नव्हती. फॅशनची लाज तीस वर्षांत गमतीदार होते; गरिबीची होईलच असं नाही. पॅरिसच्या त्या पत्रकार बायकांना १९७१ मध्ये नेमकं हेच म्हणायचं असावं.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघी कोकणात जात होतो. एका वळणावर भाचीने गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या शेताला बांबू रोवून चारही बाजूंनी जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, रानडुकरं येऊ नयेत म्हणून. जिकडेतिकडे हेच कुंपण दिसतं. त्यासाठी जुन्या साड्या बाजारात गठ्ठ्याने मिळतात. भाची खाली उतरली आणि फोटो काढू लागली. कडेच्या एका साडीवर टपोरी नारिंगी फुलं होती, चॉकलेटी जमिनीवर, बिनकाठाची. नेमकी ऐंशीची असेल असं नाही, पण जात तीच. पावसात महिनोन्महिने उभी होती आणि रंग जराही उतरला नव्हता.

“मावशी, हे प्रिंट काय भारी आहे! असं कुठे मिळेल?”

बांधावरचे आजोबा तिच्याकडे पाहत होते. त्यांना वाटलं ती कुंपणाबद्दल विचारते आहे. “तालुक्याला मिळतात,” ते म्हणाले. “पण सुती घेऊ नका. कुजते.”